ये ना, पण

लिफ्ट आली. ताईने आपलं उगाच बटण दाबून बघितलं होतं. वर कुठेतरी घरघर झाली, दाराच्या काचेतून पिवळा उजेड खाली सरकला आणि लिफ्ट आम्हा तिघांसमोर येऊन गुमान उभी राहिली. आई तोवर जिन्याकडे वळलीसुद्धा होती. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात पिशवी, आणि ओठ हलत होते. ती पायऱ्या मोजायच्या तयारीत होती. "अगं आई, थांब, लिफ्ट चालू आहे की!" ताई म्हणाली. आई वळली आणि वळताना कठड्याच्या टोकाला तिचा खांदा आपटला. "बंद आहे ना रे ती? चार वर्षं झाली ना?" तिने मला विचारलं. "परवाच दुरुस्त झाली," मी म्हणालो. म्हणालो कसला, खोकला यावा तसं ते आपोआप बाहेर पडलं. "बरं झालं हो," आई म्हणाली, "केवढी दगदग वाचली तुझी." आणि तिच्या चेहऱ्यावर माझ्यासाठी इतका आनंद होता की मी पटकन खाली वाकून तिची पिशवी उचलली. ती दगड भरल्यासारखी जड होती.

लिफ्टमध्ये आरशाच्या शेजारी एक कार्ड चिकटवलेलं आहे. दर महिन्याला मेकॅनिक येतो, लिफ्ट तपासतो आणि त्या कार्डावर तारीख घालून सही ठोकतो. इतकी वर्षं मी त्या कार्डाशेजारी उभा राहून केस सारखे केले, पण ते कधी माझ्या डोळ्यांत भरलं नव्हतं. ताई आमच्या गावच्या शाळेत कारकून आहे. भिंतीवरचा कागद वाचल्याशिवाय तिला पुढे सरकता येत नाही. तिने कार्डावर बोट ठेवलं आणि वाचायला लागली, एकेक महिना, एकेक सही. इकडे आई सांगत होती, की ती तयारीनिशीच आली होती. सहा मजले, मजल्याला वीस पायऱ्या, म्हणजे एकशेवीस. हा हिशेब मीच कधीतरी फोनवर दिला होता. घरात माळ्यावर जायचा जिना अकरा पायऱ्यांचा. तो अकरा वेळा चढला की एकशे एकवीस होतात. "एक जास्तच," आई म्हणाली. एकदा तरी माझ्याकडे यायचंच म्हणून महिनाभर ती रोज सकाळी अकरा वेळा माळ्यावर जाऊन येत होती, माळ्यावर काडीचं काम नसताना. "आता दम लागत नाही. नुसता उतरताना एकदा पाय चुकला. खालची पायरी दिसलीच नाही बघ. तेवढं कोपराला लागलं." ते कोपर दाखवायलाच ताई तिला जवळच्या मोठ्या गावातल्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. त्याने कोपर बघता बघता डोळे बघितले आणि शहरातल्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहून दिली. म्हणजे माझ्या थापेमुळेच दुखणं उघडकीला आलं, असाही एक विचार तिसऱ्या मजल्याच्या आसपास माझ्या मनात येऊन गेला. इतका हलकट विचार मी त्याआधी कधी केला नसेन. सहावा मजला आला तेव्हा ताईचं बोट कार्डाच्या शेवटच्या ओळीवर होतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "कुठलं दार?" एवढंच विचारलं.

मी एकटाच राहतो. दोन खोल्या, एक खिडकी झाडावर उघडणारी, एक भिंतीवर. आईने घर बघितलं नाही, बसलीही नाही; आधी पिशवी उघडली. पहिल्यांदा पाण्याचे दोन कॅन निघाले. "तुझं पाणी आमच्यात संपायला नको," ती म्हणाली. मग एक टॉर्च आणि चार मेणबत्त्या, कारण दिवे जातात. मग कापसाचा गुंडा, कारण शेजारच्या इमारतीत दिवसभर ड्रिल चालतं आणि कान बधिर होतात. मग जुन्या चादरीच्या कडेचे शिवलेले, तोंडाला बांधायचे तीन पट्टे, धुरासाठी. त्यातला एक खास माझ्यासाठी, माझं नाक मोठं म्हणून जरा सैल. शेवटी लोकरीचे जाड मोजे. खालच्या मजल्यावरचा माणूस पावलांचा आवाज झाला की काठीने छत ठोकतो, असं मी सांगितलं होतं. आईने ते मोजे तिथेच उभ्या उभ्या चढवले आणि मग चोरासारखी पावलं टाकत खुर्चीपर्यंत गेली. बोलतही होती कुजबुजत. माझ्या आईने परसातून हाक मारली की नदीपलीकडची माणसं 'काय' म्हणून ओ द्यायची, आणि ती माझ्या घरात कुजबुजत होती. टेबलावर येणारी एकेक वस्तू मी बघत होतो आणि कुठल्या फोनवर काय बोललो होतो ते मला लख्ख आठवत होतं. ताई हात धुवायला आत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला. चांगला जोराचा. सकाळचे आठ वाजले होते; माझ्या सांगण्याप्रमाणे पाणी पहाटे पाच ते सहा. नळ बंद झाला. थोड्या वेळाने पुन्हा सुटला, पुन्हा बंद झाला. मी खोलीच्या मधोमध तो नाकाचा पट्टा हातात घेऊन उभा होतो.

खरं सांगायचं तर मी इथे सुखात आहे. हे वाक्य मी आजवर कोणाला बोलून दाखवलेलं नाही. संध्याकाळी दुकानातून येतो, दार लावतो, आणि दार लागल्याचा तो छोटासा खट्ट आवाज मला कुठल्याही माणसाच्या आवाजापेक्षा आवडतो. पाणी चोवीस तास आहे. ड्रिल चाललं होतं खरं, पण आठ दिवस, आणि त्याला आता तीन वर्षं झाली. खालचा माणूस काठी घेऊन चालतो, छत ठोकत नाही. भेटला की हात वर करतो. तक्रारीचा माल मी सगळा गावाहूनच आणला होता. पाणी तासभर येतं ते आमच्या गावात. दिवे जातात ते तिथे. धूर चुलीचा आणि वीटभट्टीचा, आणि भिंतीवर ठोकणारा म्हातारा आमच्याच शेजारी राहायचा. मी त्यांचेच हाल शहराचे म्हणून त्यांना परत सांगत होतो, आणि त्यांना ते चटकन पटत होते, कारण ते त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. दुकानात मात्र माझं उलटं. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. नंबराची काच फ्रेमच्या मापाला आणून बसवतो. गिऱ्हाईक समोर थांबलेलं असलं की मशीन फिरता फिरता मी गावाच्या गोष्टी सांगतो. हवा कशी, शांतता कशी, दाराला कडी लावायची कशी पद्धतच नाही. गिऱ्हाइकं सुस्कारे सोडतात. मालक मला लाडाने 'आमचा खेडूत' म्हणतात. ज्या गावात एक आठवडाही माझ्याच्याने काढवत नाही, त्या गावाच्या नावावर मी इथे भला माणूस ठरलो, आणि ज्या शहरात मजेत राहतो त्याच्या नावावर तिथे बिचारा. दोन्हीकडून माझंच भलं झालं.

सुरुवात झाली नऊ वर्षांपूर्वी, आई पहिल्यांदा आणि एकदाच आठ दिवस राहायला आली होती तेव्हा. पहिल्याच सकाळी तिने मजल्यावरची सगळी दारं वाजवली आणि सांगून आली, की मी सहाशे चारची आई, आठ दिवस आहे, काही लागलं तर मागा. दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. फ्रेम लावून आरशात बघणाऱ्या एका बाईला म्हणाली, "ही नको गं, घुबडासारखी दिसतेस." मी मागे मशीनवर होतो. माझे कान असे तापले, की चालू काच वेडीवाकडी घासली गेली आणि फेकून द्यावी लागली. आता आठवतं ते असं, की ती बाई खळखळून हसली होती. तिने आईलाच विचारून दुसरी फ्रेम घेतली. मालकांनी आईसाठी खुर्ची मागवली आणि अजून ते मधूनच विचारतात, "मातोश्री काय म्हणतात?" मजल्यावरच्या बायकाही विचारतात, आई कधी येणार. मी सांगतो, तिला शहर मानवत नाही. म्हणजे आईचा त्रास कोणालाच झाला नव्हता. मला झाला होता, आणि तोही त्रास नव्हता. मला नुसती लाज वाटली होती. तिच्या मोठ्या आवाजाची, तिच्या चपलांची, माझ्या लहानपणच्या गोष्टी लिफ्टची वाट बघता बघता परक्यांना सांगायच्या तिच्या खोडीची. पुढच्या थंडीत तिने फोनवर विचारलं, "येऊ का रे चार दिवस?" मी म्हणालो, "ये ना, पण सध्या पाण्याचे फार हाल आहेत गं." त्या 'पण'ने काय कमाल केली! "अरे देवा," ती म्हणाली, "मग राहू दे. तू कसा भागवतोस?" आणि पुढची दहा मिनिटं तिने मला कळवळून पाणी साठवायच्या युक्त्या सांगितल्या. नाही म्हणावं लागलं नाही, वाईटपणा आला नाही, वर माया मिळाली. माणसाला असं काही एकदा सापडलं की तो ते सोडत नाही. पुढे ती 'येऊ का' विचारेनाशी झाली, तरी मी आपलं अधूनमधून हालांचा हप्ता पोचवत राहिलो. कधी ड्रिल, कधी धूर, आणि सगळ्यात भरवशाची लिफ्ट.

आठ महिन्यांपूर्वीचा तो फोन मात्र मला आठवायचा नाही, आणि तोच सारखा आठवतो. रविवार होता. मी खिडकीत पाय वर घेऊन बसलो होतो. आई म्हणाली, "हल्ली दाराची चौकट मध्येच येते रे. आणि भांडं ठेवायला जावं तर ओट्याच्या बाहेरच पडतं." ती हसत होती. मी हसलो नाही. दुकानात वरच्या बाजूला डोळ्यांची डॉक्टर बसते. तिच्या चिठ्ठ्या वीस वर्षं माझ्या हातून जातात. समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही, माणूस चौकटींना धडकतो, आणि दुखत-खुपत काही नाही म्हणून घरी बसून राहतो. हे एखाद्याला ठाऊक नसेल तर तो सुटला. मला ठाऊक होतं. माझ्या मनात तो शब्द, काचबिंदू, चक्क अक्षरांसकट येऊन उभा राहिला. तेवढ्यात आईने विचारलं, "तिकडे दाखवावं का रे?" आणि मी म्हणालो, "ये ना, पण लिफ्ट बंद आहे गं. सहा मजले चढायचे, तुझे गुडघे..." म्हटलं ते म्हटलं. वर म्हणालो, "घरात दिवे नीट लावत जा." फोन ठेवल्यावर मी उठून हात धुतले होते, ते आठवतं. पुढच्या आठवड्यात बोलावू असं ठरवलं होतं. पुढच्या आठवड्यात तिने चौकटीचं काही काढलं नाही, म्हणून मीही काढलं नाही.

हॉस्पिटलात, कडेचं किती दिसतं त्या तपासणीला, आईचे दोन डाव झाले. एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात बघत बसायचं, कुठेही उजेडाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. आईने भराभरा बटण दाबलं. तपासणारी मुलगी कागद बघून चक्रावली. ठिपका नसतानाही बटण दाबलेलं होतं. "आजी, दिसलं तरच दाबा हं." आई ओशाळली. मला हळूच म्हणाली, "एवढा वेळ काही दिसेना. ती पोर ताटकळत बसलेली. तिला वाईट वाटेल म्हणून दाबलं." दुसऱ्या खेपेला कागद नीट आला. एका डोळ्याचा जवळपास सगळा काळा, दुसऱ्याचा निम्मा. डॉक्टरीण बाईंनी तो आमच्यापुढे धरला आणि शांतपणे सांगितलं, की गेलं ते परत येत नाही. उरलंय ते थेंबांनी राखता येईल. दिवसातून तीनदा, वेळ न चुकता, आणि पहिले तीन महिने दर पंधरवड्याला इथे येऊन दाखवायचं. मग त्यांनी विचारलं, "सहा-आठ महिने आधी का नाही आलात? बरंच वाचलं असतं." ताई भिंतीवरचा तक्ता वाचायला लागली. आई म्हणाली, "मुलगा इथे एकटा असतो हो. त्याचे आधीच हाल आहेत, पाण्याचे, जिन्याचे. त्यात माझं कुठे." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं, माझ्या हलक्या, बिनकाठाच्या चष्म्याकडे पाहिलं. मग चिठ्ठी लिहायला लागल्या. भुई दुभंगावी म्हणतात ते काय, ते मला कळलं. आणि भुई आपली गुळगुळीत, फिनेलचा वास येणारी, तशीच्या तशी राहिली.

घरी आलो तेव्हा तीन वाजून गेले होते. आईने पुन्हा मोजे घातले. पाचच्या बसने दोघी परत निघणार होत्या, तसं त्यांचं ठरूनच आलेलं होतं. "पंधरा दिवसांनी ताई आणेल मला. सकाळी येऊ, संध्याकाळी जाऊ. तुला कळणारही नाही," आई कुजबुजली. ताईला दर पंधरवड्याला शाळेतून रजा मिळणार नव्हती, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. पाच तासांची बस, मग पुन्हा पाच तास. एखादी खेप चुकेल, मग दुसरी चुकेल. मी आईच्या समोर जमिनीवर बसलो. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. "आई, तू इथेच राहा. इथे हाल नाहीत. कधीच नव्हते. पाणी दिवसभर असतं, लिफ्ट चार वर्षांत एकदाही बंद पडलेली नाही. खालचा माणूस काही ठोकत नाही. मी खोटं सांगत होतो तुला. तू येऊ नयेस म्हणून." एवढं बोलायला मला किती श्वास लागला कोण जाणे. आई माझ्याकडे बघत होती. बघताना मान जराशी कलती करत होती, उरलेल्या डोळ्याच्या उरलेल्या भागात मला आणायला. मग तिचा चेहरा हळूहळू मऊ झाला आणि ती ताईला म्हणाली, "बघितलंस? मी राहावं म्हणून कसा बोलतो बघ. स्वतःवर आळ घेतोय वेडा." मी म्हणालो, "आई, खरंच सांगतोय." ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "हो हो. लहानपणीही असाच होता. स्वतःचं दुखणं कधी म्हणून सांगायचा नाही." मी ताईकडे पाहिलं. तिने नळ बघितला होता, कार्ड वाचलं होतं. ती बोलली असती तर आईने ऐकलं असतं. ताई टेबलावरच्या मेणबत्त्या उगाच सरळ करत होती. "आई म्हणते ते बरोबर आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर मला आधार वाटला असता.

घड्याळ चाललं होतं. आईने पिशवी पुढे ओढली, चिठ्ठी आणि थेंबांची बाटली रुमालात बांधली आणि रुमालाची गाठ बघायला पार नाकापाशी नेली. मग मी काय केलं? जे मला येतं तेच केलं. "आई, मला झोप लागत नाही इथे," मी म्हणालो. "जेवण करावंसं वाटत नाही. दुकानातून आलं की घर खायला उठतं. तू गेलीस तर मी पुन्हा एकटा. तुला डोळ्यांसाठी नको राहू, माझ्यासाठी राहा." एवढं काही शोधायलाही लागलं नाही, जीभ त्या वळणाची होती, आपसूक वाहत गेली. आईचे हात थांबले. "मग हे आधी नाही का रे सांगायचं?" ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाली, चांगली खणखणीत. रुमालाची गाठ तिने सोडली. "ताई, तू जा गं. मी राहते ह्याच्यापाशी. पोरगा वाळलाय बघ नुसता." मी गेल्या वर्षभरात दोनदा पँटी सैल करून घेतल्या होत्या.

ताईला बसपर्यंत पोचवायला निघालो, तर तिने दारातच अडवलं. "तिच्याजवळ थांब. पाच वाजता पहिला थेंब आहे." चपला घालताना ती मान वर न करता म्हणाली, "ते खरं-खोटं पुन्हा तिच्यापुढे काढू नकोस. तुला मोकळं व्हायचं असेल तर दुसरीकडे कुठेतरी हो." मग लिफ्टचं बटण न दाबता ती जिन्याने उतरून गेली. तिची पावलं मी खालपर्यंत ऐकली.

आत आई फोनवर बोलत होती, गावातल्या शेजारणीशी. मोजे काढून ठेवले होते, आवाज पूर्वीचा. "नाही, मी नाही येत इतक्यात. अगं फार हाल आहेत गं त्याचे. दाखवत नाही, पण मला दिसतात ना. हो, डोळ्याचं काय, थेंब दिलेत. तो आहे ना घालायला, त्यातलंच काम त्याचं." पाचला पाच मिनिटं होती. मी हात दोनदा धुतले, बाटली हलवली, आणि तिची मान खुर्चीच्या पाठीवर टेकवली. "वर बघ, आई." तिने वर बघितलं. दुकानात रोज माणसं माझ्यासमोर असा चेहरा करून बसतात, फ्रेम बसवून घ्यायला, आणि माझा हात कधी हलत नाही. खालची पापणी मी बोटाने ओढली. थेंब गालावर पडला. दुसरा नाकाजवळ. आईने ते पुसू दिले, डोळा मात्र मिटला नाही; इतक्या जवळून तिला मी बहुधा स्पष्ट दिसत होतो.

"हात थरथरतोय रे तुझा," ती म्हणाली. "दमलास ना आज माझ्यापायी?"

"हो," मी म्हणालो. "वर बघ."